मुका हंगाम

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मिल्टन कीन्समधल्या आमच्या घरामागचं लाकडी कुंपण वाऱ्याने कण्हायला लागतं. कचऱ्याचे डबे आडवे होऊन रस्त्यावरून गडगडत जातात, राउंडअबाउटवरची कोवळी झाडं जमिनीला टेकतील इतकी वाकतात. इथल्या लोकांच्या दृष्टीने हा वारा म्हणजे मोठंच संकट. मला मात्र तो पोरकट वाटतो. ज्याने माणसांना रस्त्यावर गुडघ्यांवर आणलं, तो वारा मी पाहिलेला आहे. एका बेटावर मी एक हिवाळा काढला होता, आणि दर वर्षी कुंपण कण्हायला लागलं की तो हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो.

दिवाळीला घरी मित्रमंडळी जमतात. इल्फर्डहून येणारा एक मित्र हौसेने नेमकी त्या बेटावरच्या माल्ट व्हिस्कीची बाटली आणतो. मग सगळे माझ्याकडे वळतात. तू तिथे राहिली होतीस ना, सांग ना काहीतरी. मी सांगते. दलदलीतली काळी माती, तिला पीट म्हणतात, विटांसारखी कापून वाळवतात आणि तिच्या धुरावर बार्ली भाजतात, म्हणून हा वास येतो. गोदामं समुद्राला चिकटून असतात, पिंपं वर्षानुवर्षं खारी हवा पितात. मंडळी माना डोलावतात, ग्लास उजेडात धरून बघतात. त्यापुढचं मी कधी सांगितलेलं नाही. आज लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अनिल, माझा नवरा, कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलमध्ये हाडांच्या विभागात होता. मी तिथेच सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत होते. दर इंटरव्ह्यूला मला हसून चहा दिला जायचा आणि नोकरी दुसऱ्याला. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एका बेटावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि आठ महिन्यांसाठी तिथे कोणी जायला तयार नव्हतं. मी गेले. अनिल म्हणाला, जाऊन बघ, नाही जमलं तर परत ये. फेरीबोटीवर चढताना मी तिशीचीही नव्हते.

दवाखान्याला तिथे सर्जरी म्हणतात. डॉक्टरांच्या राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे सर्जरी, आणि पहिल्या खोलीत काउंटरमागे पेगी. वय पन्नाशीला टेकलेलं, उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजकं. कोणाचा खोकला खरा आणि कोणाचा कामावर न जाण्यासाठीचा, हे ती माणूस दारातून आत यायच्या आधी सांगायची. माझं आडनाव तिने पहिल्याच दिवशी तीनदा म्हणून घेतलं आणि नंतर एकदाही चुकवलं नाही. मला त्या अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायला तिनेच शिकवलं. बेटावर मला कोणी जवळचं होतं तर ती.

तिचा नवरा मरडो डिस्टिलरीत होता. सव्वीस वर्षं दारू गाळायच्या तांब्याच्या हंड्यांवर काम केलेला माणूस. मी पोचले तेव्हा ऑगस्ट होता आणि डिस्टिलरी बंद होती, पण ती दर उन्हाळ्यात बंदच असायची. ओढ्याचं पाणी आटतं, म्हणून काही आठवडे भट्ट्या विझवतात, डागडुजी करतात, माणसं पीट कापायला आणि गवत साठवायला जातात. त्या दिवसांना ते मुका हंगाम म्हणायचे. सप्टेंबरात पाणी वाढलं की चिमणीतून पुन्हा धूर.

त्या मुक्या दिवसांतच मरडोने मला डिस्टिलरी दाखवली. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, पलीकडे लगेच समुद्र. आत गेल्यावर पहिला वास आला तो मला ओळखीचा वाटला. ससूनच्या ड्रेसिंग रूममधला टिंक्चर आयोडिनचा वास. मी तसं म्हटल्यावर तो मोठ्याने हसला. म्हणाला, डॉक्टर, तुम्हाला इथलं औषध आधीच माहीत आहे. चार हंडे होते, माणसाच्या दुप्पट उंच, लांब वाकलेल्या मानांचे. तो चालता चालता त्यांच्या अंगावर तळवा फिरवत होता, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. हंड्याचा आकार बदलला तर चव बदलते, म्हणून दुरुस्ती करतानासुद्धा जुना बाक जपावा लागतो, असं त्याने सांगितलं. आत फेस कुठवर चढलाय हे तो तांब्यावर टिचकी मारून आवाजावरून ओळखायचा. जुन्या काळी इथे लपूनछपून दारू गाळणाऱ्यांनी सरकारी माणसाला कसं बदडून दलदलीत फेकलं होतं, ती हकिगत सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मग गोदामाच्या मातीच्या जमिनीवर उभं राहून त्याने एका पिंपातून थोडीशी काढली. मी त्याआधी कधी व्हिस्की प्यायले नव्हते. धूर, मीठ, आणि मागून हळूच गूळ करपल्यासारखा गोडवा. घसा जळला आणि डोळ्यांत पाणी आलं. तो माझ्याकडे बघत थांबला होता, मला आवडावी म्हणून. मला आवडली. मला तोही आवडला, हे लिहायलाच हवं. पुढचं सगळं माहीत असूनही त्या दुपारचा मरडो मला वाईट माणूस म्हणून आठवत नाही, आणि हे मला आजही खुपतं.

सप्टेंबरात ओढा भरून वाहू लागला आणि कंपनीचं पत्र आलं. गोदामं भरलेली आहेत, जगात माल्टला उठाव नाही, भट्ट्या पुन्हा पेटणार नाहीत. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिथे कामाला होतं. पत्र गेटवर चिकटवलं होतं. पेगी सांगत होती, माणसं यायची, वाचायची, आणि कोणाशी न बोलता परत जायची. दोन आठवडे सगळं असं शांत होतं. मग वारा आला.

तो वारा कसा सांगावा? पहिल्याच तडाख्यात शाळेचं पत्र्याचं छप्पर उचललं जाऊन शेतात पडलं, एक मेंढी मधोमध कापली गेली. बंदराच्या धक्क्यावर समुद्र इमारतीएवढा उठून आदळायचा आणि आमच्या खिडक्यांना मीठ लागायचं. आठवडा आठवडा फेरी नाही. आणि त्या वाऱ्यात, काम नसलेली चाळीस माणसं. सकाळपासून प्यायची. दुकानासमोर दोन सख्खे भाऊ एका ट्रॅक्टरच्या चाकावरून असे भिडले की धाकट्याचा कान मला टाके घालून जोडावा लागला. फुटलेली बोटांची हाडं, तुटलेले दात, बाटलीने उघडलेली भुवई. नोव्हेंबरात मी जेवढे टाके घातले तेवढे कॉव्हेंट्रीच्या कॅज्युअल्टीतही घातले नव्हते. ते सगळे एकमेकांसमोर शरमिंदे होऊन बाकावर बसायचे, आणि पेगी त्यांची नावं एकेक करून पुकारायची.

नोव्हेंबरअखेरच्या एका सोमवारी पेगीच डावा हात छातीशी धरून आली. धक्क्याच्या उतारावर शेवाळ होतं, पाय घसरला, म्हणाली. मी हात तपासला. माणूस पडतो तेव्हा तळवा टेकतो, आणि मोडतं ते मनगट. पेगीचं मनगट धड होतं. मोडलं होतं ते करंगळीच्या बाजूचं लांब हाड, मधोमध. चेहऱ्यावर येणारा घाव अडवायला हात वर केला की हे हाड मोडतं. हे कोणत्याही डॉक्टरला माहीत असतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. इतकी वर्षं ती डॉक्टरांची पत्रं टाइप करत होती. मी प्लास्टर घालत असताना आम्ही दोघीही त्या हाताकडेच बघत होतो. मी हळूच विचारलं, मरडो? ती म्हणाली, शेवाळ होतं, डॉक्टर. मी तिच्या कार्डावर लिहिलं, पाय घसरून पडल्याने.

रविवारी फोनवर अनिलला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, तू जे पाहिलंस ते लिही, तुझ्यावर हीच एक जबाबदारी आहे. मी म्हटलं, इथे एक पोलीस आहे आणि तो मरडोबरोबर शाळेत होता. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मी घाबरले होते. पुण्यात आमच्या शेजारच्या घरातून बाईचा ओरडण्याचा आवाज आला की बाबा उठून रेडिओ मोठा करायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांना बातम्या आवडतात. त्या बेटावर मला कळलं की रेडिओचं ते बटण माझ्याही हातात आलेलं आहे.

डिसेंबरात पेगी उंच गळ्याचे स्वेटर घालायला लागली. एकदा फाइल काढायला ती वाकली आणि मला तिच्या मानेवर अंगठ्याएवढे निळे डाग दिसले. त्या दिवशी मी मरडोला गाठलं. डिस्टिलरीच्या भिंतीच्या आडोशाला तो एकटाच उभा होता, दाढी वाढलेली, दिवसाढवळ्या प्यायलेला. मी म्हटलं, पेगीला पुन्हा लागलं तर मी गप्प बसणार नाही. तो माझ्यावर धावून आला नाही. भिंतीवर मूठ आपटली, एकदा, मग पुन्हा, पुन्हा, चुन्यावर रक्त उमटेपर्यंत. मी तिथून पळाले. हे शब्दशः खरं आहे, वाऱ्याकडे तोंड करून, बॅग छातीशी धरून पळाले.

जानेवारीत वारा दोन दिवस पडला आणि पहिल्याच फेरीतून दोन लॉरी उतरल्या. हंडे कापून तांबं भंगारात न्यायला मेनलँडवरून, म्हणजे मुख्य भूमीवरून, माणसं आली होती, गॅसच्या सिलिंडरांसह. बारा वाजेपर्यंत सगळं गाव गेटवर. पेगी आणि मी सर्जरीतून निघालो, कारण काय होणार हे तिला माहीत होतं आणि माझी बॅग लागणार होती. आम्ही पोचलो तेव्हा लॉरीची काच फुटलेली होती आणि लोक दगड उचलत होते. लॉरीवाल्यांपैकी एक जण, पंचविशीचा, शिडी घेऊन पुढे आला. तो घाबरून हसत होता. मरडो त्याच्यासमोर गेला. त्याच्या हातात पिंपांच्या लोखंडी पट्ट्या ठोकायचा हातोडा होता. एकच घाव. तो आवाज मी कधी विसरणार नाही, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. पोरगा खाली कोसळला. मी त्याच्या तोंडात बोटं घालून दात आणि रक्त बाहेर काढलं, नाहीतर तो त्यातच गुदमरला असता. जबडा दोन ठिकाणी तुटला होता. पेगी एका हाताने मला कापूस देत होती. मागे लोक गात होते. त्यांची बेटावरची जुनी भाषा मला कळत नव्हती, पण आनंद कळत होता. लॉरी गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. हंडे वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस सर्जरीत आला. टोपी हातात, नजर जमिनीवर. गेटवर साठ माणसं होती आणि साठही जणांनी त्याला सांगितलं होतं की पोरगा शिडीवरून पडला. आता त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. त्याने मला विचारलं, "डॉक्टर, अशी जखम पडूनही होऊ शकते, हो ना?"

बाकावर चार पेशंट बसले होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला माझंच अक्षर दिसलं, पाय घसरून पडल्याने. मी एक क्षण थांबले. जास्त नाही, पण थांबले. तेवढ्यात काउंटरमागून पेगी बोलली.

"तो पडला नाही. मी तिथे होते. मरडोने त्याला हातोडा मारला."

पोलीस म्हणाला, पेगी, नीट विचार कर. तिने आपला प्लास्टरचा हात उचलून काउंटरवर ठेवला. जड वस्तू ठेवावी तसा आवाज झाला.

"हेही पडून झालेलं नाही," ती म्हणाली.

 मी कपाटातून पेगीचं कार्ड काढलं, माझ्या ओळीवर रेघ मारली, खाली खरं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पोलिसासमोर ठेवलं. मी त्या हिवाळ्यात केलेलं एकमेव धाडस हे, आणि तेही तिच्यामागून.

मरडोने कोर्टात काहीच नाकारलं नाही. त्याला मेनलँडवरच्या तुरुंगात काही महिन्यांची शिक्षा झाली. गावाने शिक्षा दिली ती पेगीला. ज्याने हंडे वाचवले त्याला बायकोने धरून दिलं, हा तिचा गुन्हा. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. तिच्या कोंबड्यांच्या माना एका सकाळी पिरगाळून दारात टाकलेल्या होत्या. सर्जरीच्या खिडकीतून दगड आला आणि काचेचा तुकडा माझ्या हनुवटीत घुसला. तो व्रण अजून आहे. माझ्या गाडीचे चारही टायर कोणीतरी चाकूने फाडले. ती दुरुस्त होईपर्यंत पेगी आणि मी व्हिजिटला पायी जात होतो, वाऱ्यात एकमेकींना धरून. ती एकदाही रडली नाही. मी बऱ्याचदा रडले.

फेब्रुवारीत मात्र एक बाई मागच्या दाराने आली. जोडलेल्या कानाच्या त्या भावाची बायको. तिचा दात पडला होता. खुर्चीत बसण्याआधीच तिने सांगितलं की ती जिन्यावरून पडलेली नाही, आणि मी तसं लिहू नये. वसंत येईपर्यंत तशा आणखी तीन आल्या. प्रत्येक बाई जाताना पेगीच्या काउंटरपाशी थोडी थांबायची. 

एप्रिलमध्ये म्हातारे डॉक्टर परतले आणि मी फेरीने निघाले. पेगीला म्हटलं, कॉव्हेंट्रीला चला, काहीतरी काम मिळेल. ती म्हणाली, घर माझ्या वडिलांचं आहे, मी कशाला जाऊ. पुढे काही वर्षं ख्रिसमसला कार्डं आली-गेली. मला मिल्टन कीन्सला प्रॅक्टिस मिळाली, मुलगी झाली, कार्डं थांबली. थांबवली मीच. त्या सहीच्या आधीचे दोन महिने मला आठवायचे नव्हते.

नव्वदच्या दशकात जगाला अचानक माल्टचं वेड लागलं. आमच्या सुपरमार्केटमध्येसुद्धा बेटांची नावं दिसायला लागली. एका उन्हाळ्यात अनिल म्हणाला, ती डिस्टिलरी नव्या मालकांनी सुरू केली आहे, पेपरात आलंय, जाऊया. मी टाळलं. पुढच्या वर्षी गेलो.

भिंतींना ताजा चुना होता. चिमणीतून धूर येत होता, निळसर, आणि फेरीवरूनच तो वास आला. पूर्वीच्या कोठाराचं आता पाहुण्यांसाठीचं दालन केलं होतं. तिथे कंपनीचा कोट घातलेली, पांढऱ्या केसांची पेगी उभी होती. तिने मला पाहिलं आणि माझं आडनाव उच्चारलं. जसंच्या तसं, बरोबर.

बस यायला अर्धा तास होता. तिने आम्हाला चहा दिला, आणि मग न विचारता एका बाटलीतून दोन छोटे ग्लास भरले. बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षातली, म्हणाली. म्हणजे मरडोच्या हातची. मी घोट घेतला. इतकी वर्षं पिंपात राहून तिचा धूर मऊ झाला होता, मागे मध आणि समुद्र उरला होता. त्याहून चांगली व्हिस्की मी आयुष्यात प्यायलेली नाही. अनिलने डोळे मिटून दुसरा घोट घेतला. मला ग्लास खाली ठेवावासा वाटत होता आणि ठेवता येत नव्हता. पेगी स्वतः पीत नव्हती.

मग तिने सांगितलं. नवे मालक आले तेव्हा हे हंडे कसे वागतात हे जाणणारा एकच माणूस जिवंत होता, आणि तो ग्लासगोत एकटा राहत होता. मालकांनी पाठवलेली एक बाई पेगीच्या घरी आली आणि तिला विचारलं की त्याला बोलवावं का. गावाने कधी कशाबद्दल विचारलं नव्हतं, पण या बाईने विचारलं. पेगीने दोन दिवस मागून घेतले. मग म्हणाली, येऊ दे, तीन महिने, नव्या माणसांना शिकवून जाऊ दे, पण माझ्या रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही. तो आला. बंदरावरच्या हॉटेलात राहिला. शिकवलं आणि गेला. दोघं एकदाच समोरासमोर आले, या दालनाच्या दारात. तो तिच्या हाताकडे बघत राहिला आणि बाजूला झाला.

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली. तीन महिने मी दाराला खुर्ची लावून ठेवत होते," ती म्हणाली. "पण गावात कामं हवी होती. आणि मला ठरवायला मिळालं होतं."

बाहेर बस थांबली. जर्मन, जपानी, दोन-चार अमेरिकन, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. पेगीने कोटाची बटणं लावली आणि त्यांना घेऊन निघाली. आम्ही मागून चालत गेलो. भाजण्याची खोली, लाकडी टाक्यांमधला बुडबुड आवाज, मग हंड्यांचं दालन. तांबं लखलखत होतं, उष्णता अंगावर येत होती. तिने त्याच सपाट आवाजात, ज्या आवाजात ती पेशंटांची नावं पुकारायची, इतिहास सांगायला सुरुवात केली. जुन्या काळी जमीनदाराने इथली घरं जाळून माणसांना बोटींत घालून परदेशी धाडलं आणि त्यांच्याच दगडांतून ही भिंत बांधली. मग डिस्टिलरी कोणी वाढवली, कोणी विकली, कोणत्या पिंपांत काय भरतात. आणि मग:

"नंतर कंपनीने ही बंद केली. त्या पहिल्या हिवाळ्यात इथले पुरुष एकमेकांना मारत होते, आणि घरी जाऊन बायकांना मारत होते. माझ्या नवऱ्याने मला मारलं. तो या हंड्यांवर काम करायचा. हे हंडे आज इथे आहेत ते त्याच्यामुळे, आणि आता तुम्ही जी पिणार आहात ती त्याने गाळलेली आहे."

एका माणसाने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. तिने सगळ्यांना समजायला लागेल तेवढा वेळ दिला, त्याहून अधिक नाही.

"आता गोदामाकडे जाऊ," ती म्हणाली. "दाराची चौकट खाली आहे. डोकी सांभाळा."